मामांना हंसांखाली आडवं करायची तयारी

२४ फेब्रुवारी, सकाळची दुसरी कॉफी

मिलोरावांस,

तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही माझ्याहून तीनच वर्षांनी मोठे, आणि नुसतं 'प्रिय' म्हणावं तर गेल्या चार वर्षांत आपलं धड बोलणं नाही. तेव्हा दोन्हींच्या मधोमध कुठेतरी उभं राहून तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा एल्डन प्रुइट नमस्कार करतोय, तो गोड मानून घ्यावा. आम्ही सगळे ठीक आहोत. वेर्नाचा उजवा खांदा धरलाय (हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल), माझं पोट माझ्या आधी दारात पोचतं, आणि तुमचे वडील सत्याऐंशीव्या वर्षी आपल्या स्वभावाइतकेच खणखणीत आहेत. तुम्ही तिकडे अ‍ॅरिझोनात, टुसानला, फेब्रुवारीत अर्ध्या चड्डीवर फिरता असं वेर्ना सांगते. फिरा बापडे. इकडे नेब्रास्कात दारातला चिखल सकाळी दगड असतो आणि दुपारी खीर.

खरं तर फोनच करणार होतो. पण मी फोनवर "तुमचे वडील" एवढं म्हटलं की तुमच्याकडे दाराची बेल वाजते आणि तुम्हाला जावं लागतं. एकदा झालं, दोनदा झालं. मिलोराव, एकतीस वर्षं मी लोकांच्या मैल्याच्या टाक्या उपसतोय, आणि या धंद्यात पंपाआधी कान लागतात. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "पाणी जरा सावकाश जातंय हो," आणि मला मागे त्याची बायको बादल्या ओतताना ऐकू येते. ती बेल तुम्ही तोंडाने वाजवता. चांगली वाजवता, पण तोंडानेच. म्हणून पत्र. पत्र आपटून ठेवता येतं, पण मग कुतूहलाने पुन्हा उचलावंही लागतं.

तर गोष्ट अशी. या महिन्याच्या सुरुवातीला पहिला दक्षिणेचा वारा सुटला तेव्हा मी आणि मामा, म्हणजे तुमचे वडील, व्हरांड्यात बसलो होतो. (मामांची नजर तुम्ही गेलात तेव्हापेक्षा उतरलीय. डोळ्यांचा मधला भाग गेला, कडा तेवढ्या शाबूत आहेत. माझा चेहरा त्यांना दिसत नाही, कान दिसतात. त्यांच्या मते यात त्यांचं काही नुकसान झालेलं नाही.) वरून हिमहंसांचा पहिला थवा गेला, उंच, आपल्या पाणथळींकडे उतरायला निघालेला. मामांनी बोट वर केलं, थवा पार जाईपर्यंत तसंच धरलं, आणि मग म्हणाले, "एल्डन, मला एकदा त्यांच्याखाली आडवं पडायचंय."

आता यातलं आडवं पडणं बाजूला ठेवा आणि पहिला शब्द बघा. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, या माणसाने मला नावाने हाक मारलेली नाही. लग्नात मी "तो मुलगा" होतो, नंतर "वेर्नाचा नवरा" झालो, पहिला टँकर घेतला तेव्हापासून "टाकीवाला." तीन टँकर झाले तरी बढती नाही. तुम्हा सुतारकाम करणाऱ्या वाव्रांच्या घरात पोरीने मैल्याच्या धंद्यात पाऊल टाकलं हे त्यांनी पचवलं, पण ढेकर दिला नाही. आणि आज "एल्डन"! मी त्यांना टँकर मागितला असता तर दिला असता अशा आवाजात "हो" म्हणून बसलो. (वाक्य उलटं झालं. त्यांनी मागितला असता तर मी दिला असता.)

त्यांचं म्हणणं साधं आहे. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही लहान असताना ते तुम्हाला शिकारीला घेऊन जायचे, मक्याच्या कापलेल्या शेतात पांढरे कपडे घालून उताणे पडायचे, आणि थवा गोल गोल फिरत वरून उतरायचा. "तेव्हा मधोमध बघावं लागतच नव्हतं," असं मामा म्हणतात, "चहूबाजूंनी कडेकडेनेच येतात. माझ्याकडे कडा आहेत अजून. पुढच्या वर्षीचं कोणी बघितलंय?" डॉक्टरला विचारलं, तोही पुढच्या वर्षीचं काही बोलला नाही. तेव्हा यंदाच, मार्चच्या मध्यात, थवे असेपर्यंत. हे एवढंच काम मला करायचंय आणि ते मी करणार आहे.

पण मला शिकारीतलं काय कळतं? आयुष्यात जे काही मारलं ती एक टपालपेटी, टँकर मागे घेताना. हिमहंसांची वसंतातली शिकार म्हणजे तर जत्राच असते. हे पक्षी इतके वाढलेत की वर उत्तरेत जिथे ते घरटी करतात तिथली जमीन त्यांनी मुळांसकट खाऊन बोडकी केलीय, म्हणून सरकारच म्हणतं, मारा, किती मारलेत ते विचारणार नाही. पण ते मरायला तयार नसतात. वीस-वीस वर्षांचे म्हातारे हंस पुढे असतात, त्यांनी सगळी सोंगं बघितलेली. त्यांना फसवायला हजार-दीड हजार खोटे हंस शेतात रोवावे लागतात, वाऱ्याने फुगणाऱ्या पांढऱ्या पिशव्या, एकेक काठीवर. ते माझ्याकडे कुठून? म्हणून पैसे देऊन नेणारा वाटाड्या शोधायचा ठरलं. धान्याच्या कोठीवर सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींना विचारलं. प्रत्येकाने वेगळं नाव दिलं आणि प्रत्येकाने तेच सांगितलं: "एल्डन, तुला पांढऱ्या कपड्यांत बघायला आम्ही तिकीट काढून येऊ."

मी चार जणांना फोन लावले आणि नेहमीसारखा बोलण्यापेक्षा मागचं ऐकलं. पहिला म्हणाला, "साहेब, आकाश काळं झालंय पक्ष्यांनी!" (हिमहंस पांढरे असतात. ही त्याची पहिली चूक.) त्याच्या मागे चिमणीही नव्हती, फक्त टीव्हीवर एक बाई केक कसा करायचा ते सांगत होती. दुसऱ्याने आठ आठवड्यांच्या शिकारीचे आठ फोटो पाठवले, मेलेल्या हंसांचे ढीग आणि पुढे कुत्रा. वेर्नाने चष्मा लावून दाखवलं, आठही फोटोंत कुत्र्याची जीभ एकाच बाजूला, एकाच लांबीची. आठ आठवडे जीभ बाहेर ठेवणारा कुत्रा असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. तिसऱ्याला विचारलं, हंस आधीच उत्तरेला निघून गेले तर? तो म्हणाला, "शिकार म्हणजे शिकार." हे वाक्य मी ओळखतो. "टाकी म्हणजे टाकी" असं मीही कधीकधी म्हणतो, आणि ते चांगल्या दिवशी म्हणत नाही.

चौथी बाई निघाली. ग्लेनिस हुलेट, प्लॅट नदीच्या दक्षिणेला, तासा-दीड तासावर. मी विचारलं, पक्षी आहेत का? म्हणाली, "आत्ता तळ्यावर मोजून चाळीस आहेत. उद्याचं माहीत नाही. दक्षिणेचा वारा आला तर या, उत्तरेचा आला तर घरी बसा, बयाणा पुढच्या तारखेला धरीन." आणि मिलोराव, हे ती बोलत असताना तिच्या मागे असा कल्लोळ, असा कालवा, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला! कमीत कमी दहा हजार! मी मनात म्हटलं, वा रे वा, दहा हजारांना चाळीस म्हणणारी बाई! अशी विनयी माणसं आता उरलीत कुठे? तिथल्या तिथे तारीख धरली, चौदा मार्च. दुसऱ्या दिवशी कोठीवर जाऊन सांगितलंही, की वाटाड्या निवडायचा तर तोंड बघू नका, पाठीमागचं ऐका. दोन जणांनी ते कागदावर लिहून घेतलं.

मग मागच्या शनिवारी जागा बघायला मामांना घेऊन गेलो. बाईंच्या अंगणात उतरतोय तर फोनवरचाच कल्लोळ. मी मामांच्या दंडाला धरून विजयाने म्हटलं, "ऐकताय ना?" मामा गाडीला टेकून उभे राहिले, मान खाली, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "यातली एक बाई तिसऱ्यांदा तेच बोंबलतेय."

"कोण बाई?"

"हंसीण रे. आता दोन जण ओरडतील, मग एक खोकेल, मग पुन्हा ही." आणि तसंच झालं. दोन ओरडले, एक खोकला, पुन्हा ती.

ग्लेनिसबाई शेडमधून हात पुसत आल्या. आत टेबलावर चार कर्णे आणि एक मशीन. शिकारीत हंसांना बोलवायला असलं ध्वनिमुद्रण लावतात, त्याच्या तारा तपासायचं काम रोज चालू असतं. मी म्हटलं, बाई, तुम्ही फोनवर बोलला नाहीत! त्या म्हणाल्या, "प्रुइटसाहेब, मी चाळीस म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत का, मागे काय वाजतंय?" शेडच्या मागे तळं होतं. मी चडफडत जाऊन मोजले. त्रेचाळीस. तीन बहुधा नंतर आले असावेत.

मिलोराव, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मामा हसत होते. हसत म्हणजे कसे, गाडीला टेकलेले, डोळ्यांतून पाणी, खोकला, पुन्हा हसू. चार वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं. "टाकीवाल्या," म्हणाले (बढती गेली), "ही फोनवर खरं बोलली. खोटं तुझे कान बोलले. हिलाच धर." आणि ग्लेनिसबाईंच्या खांद्यावर हात ठेवून शेडमध्ये गेले आणि अर्धा तास त्या मशीनमधल्या हंसांच्या चुका काढत बसले. बाई वहीत लिहून घेत होत्या.

निघताना बाईंनी एक अट घातली. त्यांच्याकडे लपण असतं ते आडवं, एक बसकी पेटी, तिच्यात उताणं पडायचं आणि वरून पांढरा कपडा. "आजोबा आत जातील," म्हणाल्या, "पण गुडघे बघता बाहेर येणार नाहीत. उचलायला दोन माणसं हवीत, दोन्ही बाजूंना, त्यांच्या ओळखीची. मी कर्णे सोडून येऊ शकत नाही. पाच मार्चपर्यंत दोन नावं कळवा, नाहीतर मी त्यांना नेणार नाही. चिखलात माणूस अडकलेला मला बघवत नाही." मी म्हटलं, दोन काय, वीस माणसं आणतो.

घरी आल्यावर तालीम करायची ठरली. वेर्नाने जुन्या चादरींचे पांढरे झगे शिवले. (चादरी रबरी कडांच्या होत्या, त्यामुळे मामांचा झगा गुडघ्याशी चुणून येतो आणि ते फार मोठ्या बाळासारखे दिसतात. माझ्यावर निळी फुलं आहेत. वेर्नाचं म्हणणं, इतक्या उंचावरून हंसांना फुलं दिसत नाहीत. बघू.) परसात गवतावर मी पन्नासेक प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पिशव्या काठ्यांना बांधून रोवल्या, मध्ये गोधडी घातली, मामांना उताणं निजवलं, तोंडापर्यंत पांढरं ओढलं, आणि मी शेजारी उभा राहून हंसांसारखा ओरडू लागलो. मामा आतून सूचना देत होते: "बदक झालं. हे तर कोंबडं झालं. आता तू झालास."

एवढ्यात माझ्या कमरेवरचा पेजर वाजला. तुम्हाला माहीत आहे, गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात मी बावीस वर्षं आहे, पेजर वाजला की हातातलं टाकून पळायचं. मी कानाला लावला तर निरोप असा: वृद्ध गृहस्थ जमिनीवर, पांढऱ्या कापडात गुंडाळलेले, शेजारी एक इसम आक्रोश करतोय, पत्ता... आणि पत्ता आपलाच! कुंपणापलीकडून टेसारबाईंनी बघून फोन केला होता. बाई बिचाऱ्या रडत रडत कोलाचेंचं, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचं, ताट झाकून घेऊनसुद्धा आल्या, सुतकाचं म्हणून. मी दलाला फोन करून सांगतोय, अहो तो इसम मीच, कोणी मेलेलं नाही; पण नियम म्हणजे नियम, एकदा निघालेली गाडी माणूस बघितल्याशिवाय परतत नाही. घंटा वाजवत आले सगळे. मामा चादरीखालून म्हणाले, "कोलाचे कसले आहेत? खसखशीचे असतील तर मी इथेच थांबतो."

पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. गाडी येण्याआधी मी आणि वेर्नाने त्यांना उठवायचा प्रयत्न केला होता. मी उजवीकडून, ती डावीकडून, म्हणजे तिचा दुखरा खांदा थेट भाराखाली. तीनदा अर्ध्यावर आले, तीनदा खाली गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी चादर स्वतःच पुन्हा तोंडावर ओढून घेतली. मग दलातल्या दोघांनी एका झटक्यात उभं केलं. म्हटलं, बाबांनो, चौदा तारखेला चला. पण मार्चमध्ये एकाच्या गाई विताहेत, दुसऱ्याच्याही विताहेत, या काउंटीत ज्याच्याकडे दंड आहेत त्याच्याकडे गाई आहेत. कोठीवर विचारलं तर ज्यांनी तिकीट काढून यायचं म्हटलं होतं त्यांच्यातल्या चौघांना स्वतःलाच उचलायला दोघं लागतात. वीस माणसं आणणारा मी, आज माझ्याकडे एक नाव आहे, आणि ते माझंच.

तरी काळजी करू नका. बाकी सगळं जमतंय. परवाना काढला, काडतुसं आणली, मातीच्या तबकड्यांवर नेम धरून बघितला (पंचवीसपैकी तीन, आणि एकदा तबकड्या फेकणारं यंत्र). मामा बंदूक घेणार नाहीत म्हणतात. "एल्डन झाडेल. कोणाला भीती नको." (नाव परत आलंय, नोंद घ्या.) एखादा पडलाच तर वेर्ना तुमच्या आईच्या पद्धतीने, शहाजिरं आणि आंबट कोबी घालून करणार आहे. आणि परवा ग्लेनिसबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "कालपासून मोजायचं सोडून दिलंय." मागे कालवा होताच. या वेळी मी काही ऐकलं नाही, शहाणा झालोय. फोन मामांच्या कानाला लावला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, तीच बाई, तेच दोघं, तोच खोकला. पण त्यांनी फोन परत दिला आणि एवढंच म्हणाले, "खरे आहेत."

असो. लिहिण्यासारखं याहून काही नाही. उन्हात टोपी घालत जा. वेर्ना आठवण काढते, आणि दुसरं कोणी काढतं की नाही ते मी कोण सांगणार? माझ्या कानांचा भरवसा आता मलाच राहिलेला नाही.

तुमचाच,
एल्डन

ता. क. हे पत्र दोन दिवस टेबलावरच पडून होतं. काल मी मामांना सरळ विचारलं, उजवीकडे मी आहे, डावीकडे कोणाला घेऊ? बराच वेळ कॉफी ढवळत बसले (कॉफीत साखर नव्हती). मग म्हणाले, "मिलो डावखुरा होता." मी ग्लेनिसबाईंना दुसरं नाव कळवून टाकलंय. वेर्नाने तिसरा झगा शिवलाय, तुमच्या लग्नाच्या फोटोवरून अंदाजाने. कमरेला रबर आहे, ते ताणलं जाईल. बारा तारखेला लिंकनच्या विमानतळावर मी उभा असेन. टँकर नाही, वेर्नाची गाडी आणतो.

आणखी एक ता. क. पण शेतावर त्या गाडीने जायचं नाही असं मामांनी बजावलंय. जायचं तर त्यांच्या हिरव्या पिकअपनेच, नाहीतर येत नाहीत. ती चार वर्षं शेडमध्ये आहे, कारण तिची किल्ली तुमच्याकडे आहे. चार वर्षांपूर्वीच्या ईस्टरला त्यांनी ती पिकअप चर्चच्या हॉलच्या भिंतीवर दुसऱ्यांदा घातली (पहिल्या वेळी भिंत नवीन होती म्हणाले, दुसऱ्या वेळी ती पुढे सरकली होती), आणि तुम्ही जेवणाच्या टेबलावरून किल्ली उचललीत ती थेट अ‍ॅरिझोनाला नेलीत. तुमचं बरोबर होतं. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, फक्त मनात. मामा म्हणतात, "ज्याने किल्ली नेली त्याने चालवावी." तेव्हा किल्ली घेऊन या. टपालाने पाठवू नका, टपालात वस्तू हरवतात.

शेवटचा ता. क. हे वेर्नाला दाखवलं तर ती म्हणाली, खोटं लिहिशील तर पाकीट चिकटवणार नाही. म्हणून लिहितो. दुसरी किल्ली मी तुम्ही गेल्याच्या महिन्यातच करून घेतली. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी शेडचं घराकडचं दार लावतो, मागचं उघडं ठेवतो आणि पिकअप दहा मिनिटं चालू ठेवतो, बॅटरी मरू नये म्हणून. मला वाटत होतं मामांना पत्ता नाही. काल रात्री जेवताना म्हणाले, "तिच्या इंजिनाचा पट्टा किंचाळतोय, मिलो यायच्या आत बदलून घे." बदलला. तेव्हा किल्लीचं खरंच काही अडलेलं नाही. तुम्ही या.